अप्पांच्या नावावर लागलेला जोड

४ मार्च

लंबूच्या सांगण्यावरून ही वही आणली. त्याचं म्हणणं, संग्रह करणाऱ्या माणसाकडे नोंदी हव्यात. कुठला जोड, कधी घेतला, कुणाकडून, खोकं मूळचं की बदललेलं. लंबू बसच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करतो आणि माझ्यासारखाच जुन्या धाटणीचे बास्केटबॉलचे बूट जमवतो. सहा फूट चार इंच उंच असून तो आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेला नाही. मीही नाही. कॉलेजात सामन्यांच्या वेळी मी फळ्यावर गुण लिहायचो, तेवढाच माझा त्या खेळाशी संबंध.

आज खोकी मोजली. सत्तेचाळीस. सगळी लहान खोलीत, भिंतीला लावून छतापर्यंत रचलेली. त्यातला एकही जोड मी घातलेला नाही. मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासतो. तिथे पाणी आणि काचेचा गाळ दिवसभर पायांवर उडतो, त्यामुळे कामावर साधे काळे बूट.

मुख्य बातमी अशी की तो जोड परत येतोय. पांढरा आणि करडा, घोट्याला मरून पट्टा. तीस वर्षांपूर्वी एकदाच निघाला होता. कंपनीने आता हुबेहूब तसाच पुन्हा काढलाय. आपल्या गावातल्या दुकानाला फक्त बारा जोड मिळणार. सोडत काढणार आहेत.

७ मार्च

बायको म्हणाली, "लहान खोली रिकामी कर. अप्पांना दिवाणावर झोप लागत नाही."

अप्पा म्हणजे माझे सासरे. हिवाळ्यात सासूबाई गेल्या आणि तीन आठवड्यांपूर्वी ही त्यांना आमच्याकडे घेऊन आली. जमीन मोजणी खात्यात होते. तिशी-चाळिशीत त्यांनी साखळी घेऊन डोंगर पालथे घातले म्हणतात. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. पाय सुजतात, जुने बूट चढत नाहीत, चप्पल घालून तोल जातो. त्यामुळे बाहेर पडत नाहीत.

मी म्हटलं, "सोडत होऊन जाऊ दे, मग बघतो."

"सोडतीचा आणि खोलीचा काय संबंध?"

संबंध आहे, पण तो मला नीट सांगता आला नाही. नवा जोड आला की सगळी रचना बदलावी लागते, वगैरे. ती काही बोलली नाही. पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेणं हे तिचं काम. घरी आल्यावर तिला बोलायचा कंटाळा येत असणार.

११ मार्च

नियम लागले. एका माणसाला एकच अर्ज. नाव लागलं तर ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं, आणि बूट तिथेच पायात घालून दुकानाबाहेर पडायचं. खोक्यात घालून परस्पर विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे असं केलंय. लंबू हळहळला. नवा जोड रस्त्यावर टेकवायचा म्हणजे काय.

मी चार अर्ज भरले. माझा, हिचा, बहिणीचा आणि अप्पांचा. अप्पांचं ओळखपत्र त्यांच्या पेन्शनच्या फाईलमध्ये होतं. फाईल कपाटात होती. त्यांना विचारणार होतो, पण ते खिडकीबाहेर बघत होते आणि काय म्हणून सुरुवात करावी ते सुचेना. नाहीतरी लागणार थोडंच आहे.

१९ मार्च

अप्पांच्या नावावर लागला.

मशीनवर काच चढवलेली असतानाच मेसेज आला. काच एका बाजूने जास्त घासली गेली, टाकून द्यावी लागली. दुकानात डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, उलट फार बरं वाटतंय.

आता हिला सांगायचं कसं, हा प्रश्न आहे.

२० मार्च

सांगितलं. तिने हातातली भाजीची सुरी खाली ठेवली.

"त्यांना घरी आणून महिना होऊन गेला. या महिन्याभरात तू त्यांना एक तरी प्रश्न विचारलास?"

"कसला प्रश्न?"

"कसलाही."

मी आठवून पाहिलं. पंखा लावू का, असं एकदा विचारलं होतं. तेही सांगितलं. तिने पुन्हा सुरी उचलली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मी नाही सांगणार त्यांना. तूच विचार."

मी विचारलं. "अप्पा, माझ्याबरोबर एका दुकानात याल का? तुमच्या नावावर बूट लागलेत."

त्यांनी खिडकीवरून नजर वळवली. "माझ्या नावावर?"

"हो."

"कधी जायचं?"

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

२२ मार्च

जमेल तसं सगळं लिहून ठेवतो.

दुकानात आमच्यापुढे सगळी पंचविशीच्या आतली पोरं. अप्पा बहात्तर वर्षांचे, इस्त्रीची पॅन्ट, पायात चप्पल. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, पण नियमात बसत होतं. तिने खोकं उघडलं. कागद बाजूला झाला आणि तो जोड दिसला. फोटोत मरून थोडा गडद दिसतो. प्रत्यक्षात विटकरीकडे झुकतो.

मुलगी गुडघ्यावर बसली आणि तिने अप्पांच्या पायात बूट चढवले. सूज असूनही चढले. नाडी सैल ठेवून पट्टा घोट्याभोवती आवळला. अप्पा उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले.

"बावीस पावलं," ते म्हणाले. "म्हणजे दुकान साधारण पन्नास फूट."

मुलगी हसली. "कसे वाटतात, आजोबा?"

"घोट्याला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

मी पिशवीत त्यांच्या चपला आणल्या होत्या. बाहेर आल्यावर पायरीवर बसून बदलायचं असं मी मनात ठरवलं होतं. पिशवी पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. घरापर्यंत चालतच जाऊ."

अडीच किलोमीटर आहे. ते पुढे आणि मी मागे रिकामं खोकं काखेत घेऊन. रस्त्यात दोन ठिकाणी पाणी साचलेलं होतं. दोन्ही वेळा माझा जीव खालीवर झाला. त्यांनी दोन्ही वेळा वळसा घातला, पण बुटांसाठी नाही, तोल सांभाळण्यासाठी.

२४ मार्च

सकाळी उठलो तर बूट नाहीत. अप्पाही नाहीत. तासाभराने आले, कपाळावर घाम. हिने त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ.

लंबूला फोन केला. तो म्हणाला, "अरे, बूट तुझे आहेत. अर्ज तू भरलास. स्पष्ट माग."

"सासऱ्यांच्या पायातून काढून घेऊ?"

"पायातून नको. काढून ठेवले असतील तेव्हा."

संध्याकाळी धीर करून सुरुवात केली. "अप्पा, ते बूट..."

"फार चांगले आहेत हो," ते म्हणाले. "मला असेच हवे होते, हे तुमच्या कसं लक्षात आलं?"

मी म्हटलं, "दिसत होतं."

हे खोटं आहे. मी ते का बोललो कळत नाही. त्याहून कळत नाही ते असं, की ही तेव्हा आत कपडे घडी करत होती, तिने सगळं ऐकलं, तिला खरं माहीत आहे, आणि तरी रात्रीच्या जेवणात तिने मला आपणहून दुसऱ्यांदा वाढलं.

२९ मार्च

डाव्या बुटाच्या पुढच्या भागावर सुरकुती पडली आहे. आडवी, दोन इंच. ही आता जाणार नाही.

रोज संध्याकाळी मी मऊ ब्रश आणि कोमट पाण्याने ते पुसतो. आज अप्पा शेजारी येऊन बसले. "तुम्ही माझे बूट पुसता, मला संकोच वाटतो."

"माझे" हा शब्द मी ऐकून घेतला.

त्यांनी विचारलं, "हा नाद तुम्हाला कधीपासून?"

"लहानपणापासून," मी म्हटलं. मी सगळ्यांना हेच सांगतो.

पण नंतर या वहीसाठी जुन्या पावत्या काढल्या, तर पहिला जोड नऊ वर्षांपूर्वीच्या जूनमधला. त्याआधीचा एकही नाही. लहानपणी मला बूट आवडायचे, हे खरं. पण विकत घेतलेला पहिला जोड जूनमधला. आम्ही हॉस्पिटलातून परत आलो त्यानंतर दोन आठवड्यांनी. त्या वर्षी मी अकरा जोड घेतले. पुढच्या वर्षी नऊ. मग वर्षाला तीन-चार. असं का, ते सांगता येत नाही. त्या काळात बाजारात चांगले जोड जास्त येत असतील. लंबूला विचारायला हवं.

२ एप्रिल

आज केलं ते सांगण्यासारखं नाही, पण वहीत खोटं कशाला लिहू.

दुपारी दुकान बंद होतं, मशीनच्या दुरुस्तीसाठी. घरी आलो तर अप्पा बूट घालून निघत होते. मी त्यांच्या मागे गेलो. कारण एवढंच की ते कुठल्या रस्त्याने चालतात ते बघायचं होतं. पुलाजवळ खडी पसरली आहे, खडीने बुटाचा तळ सोलवटतो.

ते पुलाकडे गेलेच नाहीत. थांबत थांबत, मध्ये एका कट्ट्यावर टेकत, सरळ पाणीपुरवठा कार्यालयापर्यंत गेले. फाटकाच्या आत झाडाखाली बाक आहे. ते बसले. पाच मिनिटांनी ही बाहेर आली, हातात डबा. त्यांच्या शेजारी बसली. डबा दोघांनी खाल्ला.

मी रस्त्यापलीकडे एका टेम्पोच्या आड उभा होतो. ऐकू काही येत नव्हतं. पण ही बोलत होती. नुसतं हो-नाही असं नव्हे. हात हलवत, मध्येच थांबत, पुन्हा सुरू करत, दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लहानसं धरल्यासारखं दाखवत. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. मग तिने चेहरा ओढणीने पुसला आणि थोडी हसलीसुद्धा.

एवढं बोलताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. काय बोलत असेल? ऑफिसात काही त्रास असेल तर तिने मला सांगायला हवं होतं.

आणखी एक. तासभर मी तिथे उभा होतो आणि बुटांकडे लक्षच गेलं नाही.

६ एप्रिल

आज रविवार. लहान खोली रिकामी केली.

मीच सकाळी म्हटलं, "करून टाकू." हिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, अप्पा इतकं चालतात, रात्री नीट झोप मिळायला हवी. लंबूने त्याच्या घरची माळ्याची जागा देऊ केली होती. तो टेम्पो घेऊन आला, एकेक खोकं उतरवून तो न्यायला लागला. अप्पा दारात खुर्ची टाकून मोजत होते.

वरच्या रांगा गेल्या तशी भिंत दिसायला लागली. पिवळी. ती आम्ही दोघांनी रंगवली होती, हे मला आठवत होतं. पण खाली, गुडघ्याच्या उंचीवर, बदकं होती, ती मी विसरलो होतो. हिने पुठ्ठ्याचा साचा कापून काढलेली. सहा पूर्ण आणि सातव्याची फक्त चोच. तेव्हा सातवा महिना होता. मग काम तिथेच थांबलं. आम्ही हॉस्पिटलात गेलो आणि दोघंच परत आलो.

लंबू दोन खोकी हातात घेऊन उभा राहिला. मग खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. अप्पाही उठून बाहेरच्या खोलीत गेले.

भिंतीलगत सगळ्यात खाली पहिला जोड होता, तो नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हाच तो जुना होता, एका दुकानाच्या गोदामातून मिळवलेला. म्हटलं बघू तरी. खोकं उघडलं, उजवा बूट उचलला, तर वरचा भाग हातात आला आणि तळ खोक्यातच राहिला. बोट लावलं तर त्याची पूड झाली. पिवळट, चिकट. डावा तर उचलायच्या आधीच गेला होता. मी तसाच फरशीवर बसलो, मांडीवर पूड.

ही आली. केरसुणी आणि सुपली घेऊन आली होती, पण झाडायला लागली नाही. माझ्यासमोर फरशीवर बसली.

"हा पहिला ना?" तिने विचारलं.

"हो. तुला कसं माहीत?"

"मी पडून होते. तू हे खोकं घेऊन आलास, पलंगाच्या कडेला बसलास आणि मला दाखवलंस. एकेक बूट वर धरून. नाडीसुद्धा ओवून दाखवलीस."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. "मग तू काय म्हणालीस?"

"छान आहेत, म्हणाले."

मग ती रडायला लागली. आवाज न करता, सुपली मांडीवर धरून. मी विचारलं, "बूट गेले म्हणून रडतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

मी चकितच झालो. तिला त्या जोडाचं एवढं वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, असू दे, जुना माल होता. आणि मग माझाच आवाज असा काही फुटला की पुढचं वाक्य आलंच नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. पूड दोघांच्याही हाताला लागली. ती साबणानेसुद्धा लवकर निघत नाही.

८ एप्रिल

लंबूचा फोन. त्याने घरी जाऊन आपले सगळे जोड तपासले. तीन गेलेत. त्याने कुठेतरी वाचलं की बुटाच्या तळातला फोम हवेतली ओल धरतो, आणि पायात घालून दाबला गेला तर टिकतो. खोक्यात ठेवले की आतल्या आत सडतात.

"म्हणजे आपण जपत होतो तेच चुकलं?" मी विचारलं.

"असं दिसतंय," तो म्हणाला. "मी आज कामावर लाल जोड घालून गेलो होतो. ग्रीस लागलं."

"मग?"

"मग काय. सगळा कारखाना बघायला आला."

मी त्याला विचारणार होतो, की नऊ वर्षांपूर्वी बाजारात खरंच जास्त जोड येत होते का. विचारलं नाही.

१२ एप्रिल

अप्पांचा पलंग लहान खोलीत लागला. भिंत पुन्हा रंगवायची का, असं मी हिला विचारलं. ती म्हणाली, अप्पांना विचार. अप्पा म्हणाले, "मला त्या बदकांचा काही त्रास नाही."

मग ही बाजारात गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "जावईबापू, एक विचारू का? तुम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललात?"

"कशाबद्दल?" असं मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला स्वतःचीच लाज वाटली, कारण कशाबद्दल ते मला माहीत होतं.

"ती मला सांगते," अप्पा म्हणाले. "रोज दुपारी. थोडं थोडं. तिच्या आईला सांगायची, आता मला. मी म्हातारा माणूस, ऐकतो. पण मी काही तिथे नव्हतो. तुम्ही होतात."

मी म्हटलं, "तिने मला कधी काही विचारलं नाही."

"तुम्ही तिला विचारलंत?"

दुसऱ्यांदा कुणीतरी मला हेच म्हणतंय.

१५ एप्रिल

दुपारी डॉक्टरीणबाईंकडून दोन तासांची सुट्टी घेतली. घरी जाऊन अप्पांना म्हटलं, मीही येतो. त्यांनी बूट घातले, मी पट्टा लावून दिला. पुढच्या भागावर आता तीन सुरकुत्या आहेत आणि मरून रंग उन्हाने उतरलाय. वाटेत त्यांनी माझा दंड धरला.

बाकावर आम्हा दोघांना बघून ही फाटकाशीच थांबली. मग आली आणि आमच्या मध्ये बसली. डबा उघडला. तिघांत पुरणार नव्हता, तरी तीन वाटे केले. तिच्या ऑफिसच्या खिडकीपाशी कुणीतरी नळाला गढूळ पाणी येतं म्हणून भांडत होतं, ते ऐकत आम्ही जेवलो.

अप्पा उठले. "मी जरा फाटकापासून त्या टाकीपर्यंत अंतर मोजून येतो."

ते गेले. मी काय विचारायचं ते सकाळपासून ठरवत होतो, चार वाक्यं तयार होती. त्यातलं एकही आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "अप्पांना तू काय सांगतेस?"

ती डब्याचं झाकण लावत राहिली. लागत नव्हतं. मग म्हणाली, "तिला हातात घेतलं होतं ते. किती वजन लागलं ते. नर्सने मला दिली तेव्हा तू बाहेर फॉर्म भरत होतास."

"मला कुणी आत बोलावलं नाही."

"माहीत आहे. मीही बोलावलं नाही. मला वाटलं तू येशील."

मला वाटत होतं, ती बोलावेल. मी दाराबाहेरच उभा होतो. हातात पेन होतं, फॉर्म भरून झाला होता. हे मी तिला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती माझ्याकडे वळली.

"बाहेरच होतास?"

"दाराला टेकून."

टाकीपाशी अप्पा वळले होते, पण आमच्याकडे न येता पुन्हा उलटे चालायला लागले.

"मी तिचं नाव ठरवलं होतं," ती म्हणाली. "आईला सांगितलं होतं, अप्पांना माहीत आहे. तुला सांगायचं राहिलं."

"सांग मला."

तिने सांगितलं. दोन अक्षरांचं आहे. ते मी इथे लिहीत नाही.

दुकानात परत आलो. चार चष्मे बाकी होते. मशीन सुरू झालं की त्या खोलीत आपला आवाज आपल्यालाही ऐकू येत नाही. आठही काचा घासून होईपर्यंत मी ते नाव म्हणत होतो.